दवाखान्याच्या अंगणात चित्रं कुणाची काढायची?

आपल्याकडे कुठल्याही सरकारी इमारतीला नवा रंग द्यायचा झाला की कंपाउंडच्या भिंतीला आधी गेरू मारतात आणि त्यावर पांढऱ्या रंगात त्रिकोणाची माणसं काढतात, मधे एक जण तारपा वाजवतोय आणि बाकीचे त्याच्याभोवती गोल धरून नाचतायत. शाळा झाली, तहसील झालं, आता दवाखाने पण. मला वारली चित्रं मनापासून आवडतात, आयुष्यभर मी आश्रमशाळेत चित्रकला शिकवली, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली तेव्हा वर्गात पेढे वाटले होते. पण ती कला पालघर, डहाणू, जव्हार तिकडच्या वारली लोकांची आहे. त्यांच्याकडे लग्नाच्या वेळी बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवीचा चौक काढतात, त्यातून हे सगळं आलं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पावरा नाहीतर भिल्ल आदिवासी बाईचं त्या भिंतीवर काय आहे? तिच्या घरी तसा चौक नसतो, आणि ती जेव्हा दोन गाड्या बदलून, लेकरू छातीशी धरून त्या भिंतीखाली येऊन बसते तेव्हा ती चित्रं तिला पण तितकीच परकी असतात जितकी मला.

हे डोक्यात पूर्वीपासून होतंच, पण नीट मांडता येत नव्हतं. ते मांडता आलं पर्थमधल्या एका हॉस्पिटलचं अंगण बघितल्यावर, म्हणून आज सविस्तर लिहितेय, पोस्ट मोठी होणार आहे.

माझी मुलगी आणि जावई पर्थला असतात, पश्चिम ऑस्ट्रेलियात. मुलीच्या बाळंतपणासाठी मी ऑक्टोबरमधे गेले आणि तपासण्यांच्या निमित्ताने हॉस्पिटलमधे बराच वेळ बसणं झालं. चारही बाजूंनी वॉर्ड आणि मधे मोकळं अंगण. त्या अंगणात गंजलेल्या रंगाचे लोखंडी उंच पत्रे उभे केलेले, त्यांच्यात पानांचे आणि फुलांचे आकार कापलेले, म्हणजे ऊन आलं की ते आकार खाली जमिनीवर पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. जमिनीवर नागमोडी रस्ता, कडेला बसायला ठेंगणे गोल ओटे, ओट्यांवर कोरलेली नावं, आणि झाडं सगळी तिथल्याच रानातली, शोभेची बाहेरून आणलेली नाहीत. बाजूला एक पाटी, त्यावर लिहिलेलं की ही जमीन वाजुक नूंगार लोकांची आहे, आणि हे काम कुठल्या नूंगार कलाकारांनी केलं, कुठल्या वडीलधाऱ्यांना विचारून केलं. सुरुवातीला मोठ्या अक्षरात 'काया', म्हणजे नूंगार भाषेतला नमस्कार.

नूंगार म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यातले मूळ लोक. त्यांच्यात चौदा गट आहेत, पर्थच्या परिसरातले ते वाजुक. तिथे ते निदान ४५,००० वर्षांपासून राहतायत. पर्थ शहरातून स्वान नदी वाहते, तिला ते डर्बाल येरिगन म्हणतात, आणि वागल नावाच्या मोठ्या सर्पाने सरपटत जाऊन ही नदी, तळी, झरे तयार केले आणि तोच गोड्या पाण्याची राखण करतो अशी त्यांची श्रद्धा आहे. अंगणातला नागमोडी रस्ता म्हणजे तो वागल. आधी मी त्या रस्त्यावरून नुसती चालत होते, हे कळल्यावर मात्र चप्पल काढून चालावंसं वाटलं, आणि एकदा चाललेही.

आता ते ओटे. सहा ओटे, सहा ऋतू. नूंगार लोकांचं वर्ष सहा भागांचं आहे: बिराक, बुनुरु, जेरान, मकुरु, जिल्बा आणि कंबारांग. ढोबळ मानाने दोन-दोन महिन्यांचे. आपले पण सहाच, वसंत-ग्रीष्म वगैरे, पण आपण ते पाठ करतो आणि विसरतो, त्यांचे ऋतू तारखेवर चालत नाहीत, रानात काय दिसतंय त्यावर चालतात. बिराक म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा कोरडा उन्हाळा, दुपारी समुद्राकडून वारा येतो, या दिवसांत ते रानाचे छोटे-छोटे तुकडे सांभाळून जाळायचे म्हणजे पुढे मोठा वणवा लागत नाही आणि नवं गवत फुटतं. बुनुरु सगळ्यात तापलेला, तेव्हा नदीकाठी, खाडीकाठी मुक्काम आणि मासेमारी. जेरानमधे रात्री गार व्हायला लागतात, पंखवाल्या मुंग्या उडतात, ते दिसलं की झोपड्या शाकारायच्या. मकुरुत पाऊस आणि थंडी, तेव्हा किनारा सोडून आत सरकायचं, कांगारूच्या कातड्याची शिवलेली घोंगडी, तिला ते बूका म्हणतात, ती अंगावर घ्यायची. जिल्बात पिवळी फुलं सुरू होतात आणि कंबारांगमधे सगळं रान फुलतं. मी गेले तेव्हा कंबारांग चालू होता, त्या अंगणातच कांगारू पॉ नावाचं लाल-हिरवं फूल फुललेलं, आणि बल्गा नावाचं झाड, काळं खोड आणि वर गवताचा झुपका, मधून भाल्यासारखा उंच दांडा. त्या झाडाच्या डिंकाने ते हत्यारांची पाती चिकटवायचे.

तिथे एक म्हातारी नूंगार बाई रोज यायची. तिची नात ॲडमिट होती. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'आंटी' म्हणतात आणि ते आपल्या मावशी-काकूसारखं आदराने म्हणतात, तर मी पण आंटी म्हणायला लागले. ती नेहमी मकुरुच्या ओट्यावरच बसायची. का विचारलं तर म्हणाली आमची आई त्या ऋतूत जन्मली. बस्स एवढंच कारण. पण मला ते फार मोठं वाटलं. एवढ्या मोठ्या काचेच्या बिल्डिंगमधे, लिफ्ट आणि मशीनच्या आवाजात, त्या बाईला स्वतःच्या आईची बसायची जागा सापडली होती.

हे मोठं का आहे ते समजायला पर्थचा इतिहास माहीत पाहिजे. १९०५ च्या कायद्याने पश्चिम ऑस्ट्रेलियात मूळ लोकांच्या मुलाबाळांवर, लग्नावर, राहण्यावर सरकारी ताबा आला. १९२७ पासून १९५४ पर्यंत पर्थ शहराचा मधला भाग त्यांच्यासाठी बंदीचा होता, परवाना असल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. म्हणजे ज्या नदीची गोष्ट त्यांच्या आजीने सांगितली त्या नदीकाठच्या शहरात त्यांनाच परवाना. आणि मुलं आईबापांपासून उचलून वसाहतींमधे ठेवायचे, त्या पिढ्यांची ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००८ मधे. अशा लोकांना सरकारी इमारतीत शिरताना कसं वाटत असेल? ज्या दारातून पोरं गेली ते दार सरकारचंच होतं ना. दवाखाना पण सरकारचाच. ऑस्ट्रेलियात मूळ लोकांपैकी बरेच जण उपचार अर्धवट टाकून निघून जातात हे तिथल्या डॉक्टर लोकांना नीट माहीत आहे, आणि म्हणून हॉस्पिटलांत त्यांच्यातलेच लोक संपर्कासाठी नेमलेले असतात, आणि म्हणूनच अंगणात ते सहा ओटे. हे सगळं एकाच कामाचे भाग आहेत, निव्वळ शोभा म्हणून कोणी केलेलं नाही.

आमच्या नंदुरबारच्या कुपोषण केंद्रात जे चालतं ते आठवलं की हे लगेच कळतं. आई बाळाला घेऊन येते, तिला काही आठवडे तरी राहा असं सांगतात आणि ती काही दिवसांत निघून जाते. मग सगळे म्हणतात अडाणी आहे, ऐकत नाही. तिची घरी अजून दोन लेकरं, बकऱ्या, पेरणी, नवरा गुजरातला कामाला गेलेला, आणि दवाखान्यात तिची पावरी बोली समजणारं एक माणूस नाही, रात्री ट्यूबलाईट बंद होत नाही, बसायला थंड फरशी. मी स्वतः अशा बायकांबरोबर बसलेय, माझ्या विद्यार्थिनीच होत्या त्यातल्या काही.

पर्थमधे अजून एक गोष्ट कळली जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांची चित्रं म्हटलं की आपल्याला ठिपके आठवतात. ती ठिपक्यांची चित्रशैली जगभर गेली ती मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून, पापुन्या नावाच्या वस्तीतून, १९७१ नंतर. तिथल्या शाळेच्या भिंतीवर वडीलधाऱ्या पुरुषांनी मध साठवणाऱ्या मुंगीचं चित्र काढलं आणि तिथून पुढे ती चळवळ झाली. पर्थपासून पापुन्या दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब, भाषा वेगळी, जमीन वेगळी. तर नूंगार लोकांची चित्रं म्हणजे ठिपके नव्हेत. त्यांची सगळ्यात गाजलेली परंपरा निसर्गदृश्यांची आहे, आणि ती लहान पोरांनी सुरू केलीय, हे ऐकल्यावर मी चित्रकलेची बाई, मला राहवेना, जे मिळेल ते वाचून काढलं.

पर्थच्या आग्नेयेला कॅटॅनिंग गाव, त्याच्याजवळ कॅरोलप नावाची वसाहत. तिथे घरच्यांपासून तोडून आणलेली नूंगार मुलं ठेवलेली. १९४६ मधे तिथे नोएल व्हाईट नावाचे मुख्याध्यापक आले, ते मुलांना रानात फिरायला न्यायचे आणि परत आल्यावर जे बघितलं ते काढा म्हणायचे. मुलांनी खडूंनी काढलेली ती रानं, संध्याकाळचं आभाळ, काळी झाडं आणि मागे पेटलेला नारिंगी उजेड, उड्या मारणारे कांगारू, बघितली की विश्वास बसत नाही की दहा-बारा वर्षांच्या मुलांनी काढली. फ्लॉरेन्स रटर नावाच्या इंग्लिश बाईंनी १९४९ ला ती बघितली आणि युरोपात नेऊन प्रदर्शनं भरवली. पुढे शाळा बंद पडली, मुलं पांगली. चित्रं एका अमेरिकन संग्राहकाकडे गेली, त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाला दिली आणि तिथे ती पडून राहिली ती थेट २००४ पर्यंत, तेव्हा एका ऑस्ट्रेलियन मानववंशशास्त्रज्ञाच्या नजरेला पडली. २०१३ मधे १२२ चित्रं पर्थच्या कर्टिन विद्यापीठाकडे परत आली. मूल गेलं, आईबाप गेले, आणि चित्र साठ वर्षांनी घरी आलं. कित्येक नातेवाईकांनी आपल्या माणसाच्या हातची चित्रं तेव्हा पहिल्यांदा बघितली.

म्हणून पर्थच्या अंगणातल्या त्या पत्र्यांवर ठिपके नव्हते, रान होतं. वाळवंटाची शैली उचलून आणणं सोपं होतं, बघणाऱ्याला पण लगेच 'हां, आदिवासी आर्ट' असं वाटलं असतं. पण तिथे नूंगार लोक बसणार होते.

मी आश्रमशाळेत होते तेव्हा पाचवीच्या पोरांना 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की सगळी पोरं तेच काढायची, दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, एक नदी, लाल कौलाची झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाचं झाड. सातपुड्यातल्या पोराने नारळाचं झाड! त्याने ते पाठ्यपुस्तकात सोडून कुठे बघितलेलंच नाही. मग मी म्हणायचे, तुझं घर काढ. की तो आधी गप्प व्हायचा आणि नंतर जे काढायचा ना, कुडाची भिंत, त्यातल्या बांबूची एकेक वीण, मोहाचं झाड आणि खाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया, छपरावर पसरलेले वेल, डोंगरावर सरळ वर गेलेलं शेत. एका मुलाने फक्त पाणी काढलं होतं, पूर्ण कागद निळा, मधे एका झाडाचा शेंडा. तो नर्मदाकाठच्या बुडीत गावचा, सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली त्यातलं एक. त्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिले आणि तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

तर हे माझं म्हणणं आहे. दवाखान्याची भिंत ही त्या दवाखान्यात येणाऱ्यांची भिंत. आणि आमच्याकडे तर अंगण पेशंटपेक्षा नातेवाईकांचं जास्त. आत एक पेशंट, बाहेर लिंबाखाली त्याचे सहा जण, तीन दगडांची चूल, वाळत टाकलेली लुगडी, रात्री तिथेच घोंगडी टाकून झोप. गरोदर बायकांना आधीच येऊन राहता यावं म्हणून दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ सरकारने माहेरघरं काढली, चांगली योजना आहे, नाव पण चांगलं. माहेराला अंगण लागतं आणि अंगण आपलं वाटावं लागतं.

आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "व माय, चित्रं काढीसन काय आजार बरा व्हस का?" त्यांचा प्रश्न खोटा नाही, गोळ्या नसतील, डॉक्टर नसेल तर चित्रं काय चाटायची आहेत? पण बरं होण्यात डोळ्याला काय दिसतं याचा वाटा असतो हे कोणीतरी मोजलेलं पण आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ ला 'सायन्स' मासिकात एक अभ्यास छापला, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका हॉस्पिटलमधल्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी त्यांनी काढल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मग लिंब लावा ना जास्तीचे. ते पण बरोबरच आहे, आधी सावली.

आता मुद्दा विचारण्याचा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर संपता संपता पर्थमधे रस्त्याकडेला एक झाड पेटल्यासारखं फुलतं, गडद पिवळं-नारिंगी, आपला पळस फुलावा तसं. नाव मुजार, गोरे लोक ख्रिसमस ट्री म्हणतात. शास्त्राच्या हिशोबाने ते बांडगुळाच्या जातीतलं, शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी ओढतं, आणि चांगलं झाडाएवढं वाढतं. एवढं सुंदर झाड अंगणातल्या चित्रांत कुठेच नव्हतं. मी आंटीला विचारलं. तिने सांगितलं की मेलेल्या माणसाचा आत्मा समुद्रापलीकडे जायच्या आधी या झाडाच्या फुलांवर थांबतो, म्हणून आम्ही त्याची फुलं तोडत नाही, त्याच्या सावलीत बसत नाही. विचार करा, बाहेरच्या एखाद्या चांगल्या आर्टिस्टने चांगल्या मनाने सगळ्यात आधी हेच झाड निवडलं असतं, आणि आजारी माणसांच्या अंगणात मृतांचं झाड उभं राहिलं असतं! तसंच एक छोटा पक्षी, जिती-जिती, शेपटी हलवत माणसाच्या पुढे-पुढे नाचतो, फार गोड, पण त्याच्या मागे जाऊ नको, तो रानात भुलवून नेतो असं नूंगार पोरांना शिकवतात. मुलांच्या वॉर्डात कुठे काय काढायचं हे ठरवताना हे माहीत असलेलं माणूस टेबलावर पाहिजे.

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डच्या भिंतीवर कोणीतरी कॉम्प्युटरवरून घेतलेलं कार्टूनचं घुबड काढलेलं, डोळ्यावर चष्मा, हातात पुस्तक. त्या घुबडाखालच्या कॉटवर बाळ ठेवायला बाया तयार होत नव्हत्या. सिस्टर चिडायच्या, बाया बोलायच्या नाहीत, आणि कॉट रिकामी. पेंटरला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि बायांना कोणी विचारलंच नव्हतं.

मग वारली नाही तर काय, असं विचारतात. खरं आहे, पावरा-भिल्लांची आपल्याकडे वारलीसारखी सगळ्यांना ओळखू येणारी एक भिंतीवरची शैली नाही. सातपुड्याच्या पलीकडे झाबुआकडे भिल्लांची चित्रकला मोठी झालीय, भुरीबाई भोपाळच्या भारत भवनच्या बांधकामावर मजुरी करत होत्या, तिथे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले आणि २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पण तिकडचंही जसंच्या तसं उचलायची गरज नाही. आपल्याकडचं चित्र भिंतीवर कमी आहे आणि अंगावर जास्त आहे. अक्कलकुव्याकडच्या काठी गावची राजवाडी होळी बघा, १२४६ पासून चालत आलेली असं मानतात, त्यात बावा आणि बुध्या होतात ते किती दिवस आधीपासून पालनी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात, अंगभर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू. पावरा बायकांचे चांदीचे दागिने, त्यांच्या हातावरचं गोंदण, कुडाची वीण, टोपल्यांची वीण. एवढं सगळं असताना आमचा पेंटर मोबाईलमधे वारली शोधतो.

आणि ऋतू. धडगावकडचं वर्ष कोणी नीट मांडलं तर ते पण ओट्यांवर कोरण्यासारखं आहे. होळीच्या आसपास मोह पडायला लागतो, पहाटे तीनला बाया टोपल्या घेऊन निघतात. मग चारोळी, मग तेंदूची पानं. पाऊस आला की पेरणी, बांबूचे कोंब, रानभाज्या, आणि त्याच दिवसांत कणग्या रिकाम्या, लेकरं बारीक होतात, ताप-जुलाब वाढतात, हे तिथल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. नंतर मका-ज्वारी हाताला येते, दिवाळीला अस्तंब्याची यात्रा, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला नाहीतर गुजरातला निघायचं. डॉक्टरला पेशंट कधी येणार, कधी येणार नाही, ते या वर्षावरून कळतं, कॅलेंडरवरून नाही. म्हणजे हे चित्र डॉक्टरच्याही कामाचं.

पैशाचं म्हणाल तर पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८९ पासून पद्धत आहे, मोठी सरकारी इमारत बांधली की बांधकामाच्या बजेटमधला एक टक्क्यापर्यंतचा भाग कलेसाठी काढून ठेवायचा. म्हणजे कलाकाराला इमारत पूर्ण झाल्यावर उरलेल्या रंगात काम करावं लागत नाही, नकाशा चालू असतानाच तो टेबलावर असतो आणि त्याला मोबदला मिळतो. आपल्याकडे नंदुरबार, जळगावला मेडिकल कॉलेजं झाली, नव्या इमारती होतायत, एक टक्का नको, पाव टक्का धरा, त्यात किती अंगणं होतील.

परत आल्यावर मी गप्प बसले नाही. ओळखीच्या एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमशी बोलले, त्या म्हणाल्या भिंत देते, रंगाचे पैसे बघू. मग आम्ही बसलो, मॅडम, दोन आशाताई, माझा एक जुना विद्यार्थी जो आता दुकानांचे बोर्ड रंगवतो, गावचे एक म्हातारे पावरा बाबा, आणि त्या दिवशी अंगणात होत्या त्या बाया. मी डोक्यात ऋतू घेऊन गेलेले, पण बायांनी आधी वेगळंच मांडलं. म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही, सोनोग्राफी कुठे, रक्त कुठे, इंजेक्शन कुठे, दर वेळी कोणाला तरी विचारावं लागतं आणि ते ओरडतात. प्रत्येक दारावर एक चित्र काढा, मग आम्ही एकमेकींना सांगू मोहाच्या दारात जा, कोंबडीच्या दारात जा. एवढी साधी आणि एवढी उपयोगाची गोष्ट मला सुचली नव्हती, मॅडमना पण नव्हती. बाळंतपणाच्या खोलीला पिल्लांसकट कोंबडी ठरली, औषधाच्या खिडकीला मोह, त्यावर बराच हशा झाला. विद्यार्थ्याने मुख्य दाराच्या खाली वाघ सुचवला तर बाबा एकदम म्हणाले नाही, वाघदेव आहे तो, खाली लोक थुंकतात, पाय पुसतात, तिथे नको. मग वाघ काढायचाच नाही असं ठरलं.

शेवटी सिकलसेलच्या तपासणीची खोली राहिली. आमच्या भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप, पोरं दुखण्याने तळमळत पुन्हा-पुन्हा येतात, मला वाटलं या दारावर सगळ्यात सुंदर चित्र पाहिजे, मोर काढू. कोपऱ्यात बसलेली एक बाई, तिची पोरगी पंधरा-सोळा वर्षांची असेल, ती म्हणाली त्या दारावर काहीच काढू नका. का? तर उद्या पोरी एकमेकींना म्हणतील ही मोराच्या दारात जाते, आणि तिचं लग्न जमणार नाही. कोणी काही बोललं नाही, आशाताईंनी मान हलवली, त्यांना हे माहीत होतं. त्या दारावर फक्त नंबर राहील, बाजूच्या ऑफिसच्या दारासारखाच.

रंगकाम दसऱ्यानंतर लगेच घ्यायचं ठरलंय. त्याआधी पावसात रंग टिकणार नाही, आणि दिवाळीनंतर ठेवलं तर अर्धं गाव बाहेर गेलेलं असेल, आणि बाबांचं म्हणणं असं की भिंत रंगताना गाव हजर पाहिजे, चुकलं तर तिथल्या तिथे सांगता येतं. ओट्यांसाठी दगड कुठून आणायचा ते अजून ठरलेलं नाही, नदीकाठचा दगड चालेल का, कोणाला या कामाचा अनुभव असेल तर जरूर कळवा, आणि गोंदणाचे जुने नमुने कोणाच्या घरी कागदावर उतरवलेले असतील तर त्याचे फोटो पाठवा, पण ज्या बाईच्या हातावरून घेतले तिला विचारून.